पत्ता : ख्रिसमस हाऊस, उत्तर ध्रुव

डिसेंबरची कडाक्याची थंडी, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरातलं एक मध्यमवर्गीय घर आणि दारात पोस्टमन. त्याच्या हातातल्या लिफाफ्यावरचं तिकीट जगातल्या कुठल्याच देशाचं नाही. शिक्का आहे थेट उत्तर ध्रुवाचा. आत कापऱ्या अक्षरातलं लांबलचक पत्र आणि सोबत रंगीत चित्रं. पत्र लिहिणारा फादर ख्रिसमस, म्हणजे आपण ज्याला सांताक्लॉज म्हणतो तोच पांढऱ्या दाढीचा म्हातारबाबा. मुलं पत्रावर तुटून पडतात. बाजूला उभे असलेले त्यांचे प्रोफेसर वडील चेहऱ्यावर काहीच दिसू देत नाहीत. तिकीट त्यांनीच रंगवलंय, शिक्काही त्यांनीच काढलाय आणि पोस्टमनला पटवलंयही त्यांनीच!

या वडिलांचं नाव जे. आर. आर. टॉल्किन. 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे. फ्रोडो, गँडाल्फ, गॉलम यांच्यावरून कॅन्टीनमध्ये तासन्‌तास वाद घालणारे तुमच्यातही असतीलच. पण फ्रोडोचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी, 1920 साली, टॉल्किननी एक काम सुरू केलं आणि ते 1943 पर्यंत दर नाताळला केलं. छापायचं नव्हतं, मानधन नव्हतं, वाचक फक्त घरातलेच. आज आपण टॉल्किनना ओळखतो ते तीन जाडजूड खंडांमुळे. त्यांची खरी ओळख करून घ्यायची तर सुरुवात पत्रांपासून करावी लागेल. कारण या माणसाच्या आयुष्यात प्रत्येक वळणावर एक पत्र आहे, आणि त्यातलं पहिलं पत्र कधी पोचलंच नाही.

न पोचलेलं पत्र

जॉन रोनाल्ड रुएल टॉल्किन यांचा जन्म 3 जानेवारी 1892 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोमफाँटेनमध्ये झाला. वडील आर्थर तिथे बँकेत मॅनेजर होते. नाताळची चित्रं आपण नेहमी बर्फातली बघतो, पण रोनाल्डच्या आठवणीतला पहिला नाताळ होता रणरणत्या उन्हातला, कारण तिकडे डिसेंबरात ऐन उन्हाळा असतो.

ते हवामान रोनाल्डला मानवत नव्हतं. म्हणून 1895 मध्ये आई मेबल त्याला आणि धाकट्या हिलरीला घेऊन इंग्लंडला आली. वडील कामं आटपून मागून येणार होते. निघताना सामानाच्या पेटीच्या झाकणावर वडील स्वतःचं नाव रंगवत होते, तेवढंच तीन वर्षांच्या रोनाल्डच्या लक्षात राहिलं. वडिलांची त्याच्याकडे राहिलेली ठळक आठवण ती एवढीच.

पुढच्या वर्षी, 14 फेब्रुवारी 1896 ला, चार वर्षांच्या रोनाल्डने वडिलांना एक पत्र सांगितलं आणि सांभाळणाऱ्या बाईने ते लिहून घेतलं. भेटायची ओढ होती, आपण आता मोठे झालोय हे सांगायची घाई होती. ते पत्र पोस्टात पडलंच नाही. आर्थर यांची तब्येत अतिशय गंभीर असल्याची तार येऊन धडकली आणि दुसऱ्याच दिवशी ते गेले.

मेबलकडे पैसे बेताचेच. बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात तिने लहानसं घर घेतलं. शाळेची फी परवडत नव्हती, म्हणून मुलांना घरीच शिकवलं. लॅटिन, फ्रेंच, झाडापानांची ओळख, चित्रं काढणं, सगळं तिनेच. तिचं स्वतःचं हस्ताक्षर वळणदार, नक्षीदार होतं. अक्षर हे नुसतं वाचायचं नसतं, बघायचंही असतं, हे रोनाल्ड तिच्याकडून शिकला. भाषांचा नादही तिथलाच. पुढे चुलत-मावस भावंडांबरोबर तो चक्क स्वतःच्या भाषा बनवायला लागला.

1900 मध्ये मेबलने कॅथलिक पंथ स्वीकारला. तिच्या माहेरचे आणि सासरचे दोघेही प्रोटेस्टंट, त्यांना हे रुचलं नाही आणि मिळत होती ती पैशांची मदतही आटली. तिला मधुमेह होता. इन्सुलिनचा शोध लागायला अजून बरीच वर्षं होती. नोव्हेंबर 1904 मध्ये ती गेली, तेव्हा रोनाल्ड 12 वर्षांचा होता. मुलांची जबाबदारी तिने आधीच फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंवर सोपवली होती. त्यांनी ती नीट पार पाडली. पण घर म्हणावं असं घर आता उरलं नव्हतं. आधी एका नातेवाईक बाईंकडे आणि मग पेइंग गेस्ट म्हणून, असे दिवस सुरू झाले.

मध्यरात्रीचं पत्र आणि ठिपक्यांची भाषा

अशाच एका घरात, 1908 मध्ये, खालच्या मजल्यावर राहणारी एडिथ ब्रॅट त्याला भेटली. तो 16 वर्षांचा, ती 19 ची. तिलाही आईवडील नव्हते. दोघांचं जुळलं, पण फादर फ्रान्सिसना कळल्यावर त्यांनी सक्त ताकीद दिली. 21 वर्षांचा होईपर्यंत भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही. ऑक्सफर्डच्या प्रवेशाचा आणि स्कॉलरशिपचा प्रश्न होता.

आजच्या काळात कुणी तीन वर्षं मेसेज न करता राहील? रोनाल्ड राहिला. 3 जानेवारी 1913 ला मध्यरात्री घड्याळात बारा वाजून गेले, तो 21 वर्षांचा झाला आणि तसाच अंथरुणात उठून बसत त्याने एडिथला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते हादरवणारं होतं. तिचा दुसरीकडे साखरपुडा झाला होता. पण उत्तरातला सूर ओळखून तो आठवड्याभरात चेल्टनहॅमला तिला भेटायला गेला आणि त्याच दिवशी तिने तो साखरपुडा मोडायचं ठरवलं.

22 मार्च 1916 ला त्यांचं लग्न झालं आणि जूनमध्ये टॉल्किन पहिल्या महायुद्धात फ्रान्सला रवाना झाले. आपली तुकडी कुठे आहे हे सैनिकांना घरी कळवता येत नसे, पत्रं तपासली जात. मग दोघांनी ठिपक्यांची एक गुप्त खूण ठरवली. पत्रातल्या ठिपक्यांवरून नवरा साधारण कुठे आहे हे एडिथला कळायचं आणि ती भिंतीवरच्या नकाशात ती जागा शोधायची.

ती जागा होती सॉम. त्या युद्धातल्या सगळ्यात भयानक रणभूमींपैकी एक. टॉल्किन सिग्नल विभागात अधिकारी होते. शाळेपासूनची त्यांची चौघांची घट्ट टोळी होती, साहित्य आणि कलेत काहीतरी मोठं करायचं स्वप्न घेऊन जगणारी. त्यातला रॉब गिल्सन 1 जुलैला, लढाईच्या पहिल्याच दिवशी गेला. जेफ्री स्मिथ डिसेंबरमध्ये गेला. स्वतः टॉल्किन उवांमधून पसरणाऱ्या खंदक-तापाने आजारी पडले, नोव्हेंबर 1916 मध्ये इंग्लंडला परत आले आणि म्हणून वाचले. चौघांतले दोघंच उरले.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की 1920 मध्ये उत्तर ध्रुवावरून पत्रं लिहायला बसलेला माणूस म्हणजे मजेत वाढलेला, सुखवस्तू घरातला हौशी बाप नव्हे. तो 28 वर्षांचा होता आणि तोपर्यंत त्याने वडील, आई आणि जिवलग मित्र गमावले होते.

ध्रुवावरचा गोतावळा

मोठा मुलगा जॉन तीन वर्षांचा होता. फादर ख्रिसमस दिसतो कसा आणि राहतो कुठे, हा त्याचा साधा प्रश्न. कुठल्याही तीन वर्षांच्या मुलाने विचारावा असा. त्या वेळी घर ऑक्सफर्डला आणि टॉल्किन यांची नवी नोकरी लीड्सला होती, म्हणजे बाबा शनिवार-रविवारपुरते. 22 डिसेंबर 1920 ची तारीख घालून त्यांनी फादर ख्रिसमसच्या नावाने उत्तर लिहिलं आणि सोबत त्याचं आणि त्याच्या घराचं चित्र काढलं.

मग दर वर्षी पत्र येत गेलं. मायकल, ख्रिस्तोफर आणि 1929 मध्ये जन्मलेली प्रिसिला अशी वाचकसंख्या वाढत गेली आणि ध्रुवावरचा गोतावळाही वाढला. फादर ख्रिसमसचं वय झालेलं, त्यात थंडी, म्हणून त्याचं अक्षर कापरं. त्याचा मदतनीस म्हणजे उत्तर ध्रुवावरचं अस्वल. प्रेमळ, पण धांदरट. त्याचा पंजा जाड, म्हणून त्याचं अक्षर ठोकळ्यांसारखं. ते मध्येच समासात घुसून आपली बाजू मांडतं, चेष्टा करतं. पुढे इल्बेरेथ नावाचा एक एल्फ सेक्रेटरी आला, त्याचं अक्षर बारीक, तिरकं आणि नेटकं. एकच माणूस, एकाच कागदावर तीन वेगळी हस्ताक्षरं! मेबलने लहानपणी गिरवून घेतलेलं वळण इथे असं कामाला आलं.

आणि गोष्टी तरी कशा! 1925 च्या पत्रात वाऱ्याने उडालेली टोपी काढायला अस्वल उत्तर ध्रुवाच्या खांबावर चढतं. खांब मधोमध मोडून घराच्या छपरावर पडतो, अस्वलही पाठोपाठ थेट जेवणघरात. घराची वाट लागते आणि सगळ्यांना कड्यावरच्या नव्या घरात बिऱ्हाड हलवावं लागतं. गंमत म्हणजे त्याच सुमारास टॉल्किन यांना ऑक्सफर्डला प्रोफेसरची जागा मिळाली होती आणि कुटुंबही लीड्सहून बिऱ्हाड हलवण्याच्या तयारीत होतं. पुढच्या वर्षी अस्वलाने नको तो नळ फिरवला आणि दोन वर्षं पुरवायचे ध्रुवीय प्रकाशाचे रंग एका झटक्यात आकाशात उधळले गेले. चंद्राचे चार तुकडे झाले, चंद्रावरचा माणूस मागच्या अंगणात पडला आणि दुरुस्तीला परत वर चढण्याआधी नाताळची भरपूर चॉकलेट्स फस्त करून गेला.

हे सगळं नुसतं लिहिलेलं नव्हतं, चितारलेलं होतं. रंगीत शाई, जलरंग, नक्षीची पहिली अक्षरं, हाताने रंगवलेली तिकिटं. एका वर्षी अस्वल गॉब्लिनांच्या गुहेत हरवलं, तेव्हा गुहेच्या भिंतींवरची प्राचीन प्राण्यांची चित्रं अख्खं पान भरून आली. गॉब्लिनांची लिपीसुद्धा आली. मुलांनी ती उलगडत बसायचं.

पत्र पोचवायच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. कधी पोस्टमन, तर कधी नाताळच्या रात्रीनंतर घरातच सापडलेलं पत्र आणि जवळ बर्फाळ पावलाची खूण. मुलांनी लिहिलेली उत्तरं फायरप्लेसपाशी ठेवली जात आणि खोलीत कुणी नसताना गुपचूप गायब होत. म्हणजे हा एकतर्फी कारभार नव्हता. पत्राला उत्तर यायचं, त्या उत्तराची दखल पुढच्या पत्रात घेतली जायची.

वेळ कुठून आणला?

हा प्रश्न असाइनमेंटच्या डेडलाइनखाली दबलेल्या प्रत्येकाला पडावा. टॉल्किन यांच्याकडे वेळ अजिबात नव्हता. लेक्चर्स, विद्यार्थी, मीटिंगा, संशोधन हे होतंच. चार मुलांचा खर्च भागवायला ते उन्हाळ्याच्या सुट्टीत शालेय परीक्षांचे पेपर तपासायचे. कंटाळवाणं काम. अशाच एका उत्तरपत्रिकेत कोरं पान सापडलं आणि त्यावर त्यांनी बिळात राहणाऱ्या हॉबिटबद्दलचं एक वाक्य खरडलं. हॉबिट म्हणजे काय, हे त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं. त्यातून 1937 मध्ये 'द हॉबिट' आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे टॉल्किन कामं वेळेत संपवण्यासाठी अजिबात प्रसिद्ध नव्हते. एकेक वाक्य घासत बसायचे, लिहिलेलं मोडून पुन्हा लिहायचे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' डिसेंबर 1937 मध्ये सुरू झालं आणि छापून आलं 1954-55 मध्ये. 'सिल्मरिलियन'च्या कथा त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहायला घेतल्या आणि मृत्यूपर्यंत त्या अपुऱ्याच राहिल्या. प्रकाशक थांबले, सहकारी थांबले, वाचक थांबले. एक नाताळ मात्र कुणासाठी थांबत नाही, आणि ती तारीख या माणसाने सांभाळली. कधी पत्र छोटं व्हायचं, कधी चित्र नसायचं आणि त्याबद्दल फादर ख्रिसमस दिलगिरीही व्यक्त करायचा. पण पत्र यायचंच.

यातून त्यांच्या लेखनाला काय मिळालं, हे शोधणारे अभ्यासक आहेत. गॉब्लिनांच्या लढाया, एल्फ, बनवलेल्या लिप्या, उत्तरेकडच्या भाषांचे तुकडे असं बरंच काही आधी या पत्रांत दिसतं. अस्वलाचं खरं नाव कार्हू, म्हणजे फिनिश भाषेत चक्क अस्वल. इल्बेरेथ हे नाव 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या एल्बेरेथच्या किती जवळचं आहे, हे चाहत्यांच्या लगेच लक्षात येईल. पण ही पत्रं म्हणजे मोठ्या पुस्तकाची रंगीत तालीम होती असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय ठरेल. ती त्या चार मुलांसाठी होती, बस.

गोड गोष्टीत युद्ध येतं तेव्हा

मुलांसाठी लिहायचं म्हणजे सगळं गुलाबी हवं, असं टॉल्किन यांना वाटत नव्हतं. 1931 मध्ये जगभर मंदी होती, बेकारी होती. त्या वर्षी फादर ख्रिसमसने मुलांना सरळ कळवलं, की मागितलेलं सगळं मिळणार नाही, कारण जगात असंख्य लोक उपाशी आहेत. नंतर दुसरं महायुद्ध आलं आणि उत्तर ध्रुवही त्यातून सुटला नाही. कोठारं रिकामी व्हायला लागली. गॉब्लिनांनी मोठा हल्ला केला. लोक घरंदारं सोडून पांगलेले, त्यामुळे कुठलं मूल कुठे आहे हे शोधणंच मुश्कील झालं. त्यातही 1940 च्या पत्रात दक्षिणेकडून पोहत आलेले पेंग्विन आहेत आणि त्यांच्याबरोबर नाचणारं अस्वलही.

इकडे ऑक्सफर्डमध्ये प्रोफेसर टॉल्किन रात्री हवाई हल्ल्याच्या पहाऱ्याची ड्यूटी करत होते, अंड्यांच्या टंचाईमुळे घरी कोंबड्या पाळत होते. मायकल विमानविरोधी तोफांवर होता. 1943 मध्ये ख्रिस्तोफरलाही हवाई दलाचं बोलावणं आलं. जे युद्ध त्यांनी स्वतः खंदकात भोगलं होतं, तशाच युद्धात आता मुलं निघाली होती.

पत्राच्या मायन्यातली नावंही कमी होत गेली होती. आधी जॉन मोठा झाला, मग मायकल, मग ख्रिस्तोफर. शेवटी उरली एकटी प्रिसिला. 1943 च्या नाताळला ती 14 वर्षांची होती. त्या वर्षीच्या पत्रात फादर ख्रिसमसने तिचा निरोप घेतला. पण जुन्या दोस्तांची नावं आपण जपून ठेवतो, हेही तिला सांगितलं. ही मुलं मोठी होतील, त्यांची स्वतःची घरं होतील, मुलं होतील, तेव्हा पुन्हा यायची आशा आहे, असं कळवून पत्र संपलं. 23 वर्षांनंतर उत्तर ध्रुवाची टपाल सेवा बंद झाली.

बाबांची पत्रं मात्र थांबली नाहीत. वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी ख्रिस्तोफरला पाठवलं गेलं दक्षिण आफ्रिकेत, नेमकं टॉल्किन जन्मले त्या देशात. आता त्यांनी स्वतःच्याच नावाने लिहायला सुरुवात केली आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची ताजी प्रकरणं त्याला पाठवत राहिले. ज्या देशातल्या वडिलांना चार वर्षांच्या रोनाल्डचं पत्र कधी मिळालं नाही, त्याच देशात आता एका वडिलांची पत्रं मुलाला मिळत होती.

पेटीतून पुस्तकात

टॉल्किन 2 सप्टेंबर 1973 रोजी गेले. एडिथ दोन वर्षं आधी गेली होती. तोपर्यंत त्यांचं नाव जगभर झालं होतं. फादर ख्रिसमसची पत्रं मुलांनी जपून ठेवली होती. ती 1976 मध्ये पुस्तकरूपात आली, संपादन केलं ख्रिस्तोफरची पत्नी बेली टॉल्किन यांनी. टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, ख्रिस्तोफरने वडिलांचे अर्धवट कागद जुळवून 'सिल्मरिलियन' प्रसिद्ध केलं आणि उरलेलं अख्खं आयुष्य त्याच कामाला दिलं. लहानपणी ज्याला दर नाताळला पत्र यायचं, त्याने मोठेपणी वडिलांचा सगळा पत्रव्यवहार आणि कागद सांभाळले.

टॉल्किन यांचे कागद आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहेत. 2018 मध्ये तिथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात मिडल-अर्थच्या नकाशांबरोबर ही ध्रुवावरची पत्रंही होती.

चार वर्षांच्या मुलाचं न पोचलेलं पत्र आणि बापाने 23 वर्षं लिहिलेली पत्रं यांच्यात सरळ रेघ ओढणं धाडसाचं होईल. टॉल्किन स्वतः असल्या सोप्या अर्थांवर वैतागायचे. पण त्यांचं आयुष्य पहिल्यापासून वाचत आलं, की हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

पुढच्या वेळी सुट्टीत हॉस्टेलवरून घरी गेलात, की कपाटाचा वरचा कप्पा एकदा उघडून बघा. आपल्याकडे बहुतेक आईबाबा उत्तर ध्रुवाच्या नावाने पत्रं लिहीत नाहीत. पण तुमच्या वहीवर कुणीतरी वळणदार अक्षरात घातलेलं नाव, स्नेहसंमेलनासाठी रात्री जागून रंगवलेला पुठ्ठ्याचा मुकुट किंवा डब्यासोबत आलेली एखादी चिठ्ठी तिथे सापडू शकते. सापडली तर फेकू नका. आणि जमलं तर उत्तरही लिहा. फायरप्लेस नसली तरी फ्रिजचा दरवाजा आहेच.